कागदाची होडी कुठं गेली?

"पानी उना, पानी उना!" असं ओरडत आमच्या धुळ्याच्या गल्लीतली सगळी पोरं रस्त्यावर आली. मृगाचा पहिला पाऊस होता. चार महिने तापलेले पत्रे, ओटे, डांबर, सगळ्यांतून वाफा निघत होत्या. मातीचा तो वास सुटला होता, ज्याची वाट खानदेशातली माणसं होळीपासून बघत असतात. दहा मिनिटांत गल्लीच्या दोन्ही बाजूंची गटारं भरून वाहू लागली. सहावीत गेलेल्या माझ्या पुतणीने भूगोलाच्या जुन्या वहीचं पान टर्रकन फाडलं, होडी केली आणि दिली गटारात सोडून.

होडी जरा डुगडुगली, मग तिने वेग घेतला. शेवग्याच्या शेंगेची सालं, गुटख्याच्या पुड्या, एक तुटकी चप्पल असा लवाजमा तिच्याबरोबर होता. वळणावरच्या ओट्याखाली ती दिसेनाशी झाली.

"काका, आता ती कुठं जाईल?"

"समुद्रात!" मी ऐटीत सांगितलं.

"कुठला समुद्र घेऊन बसलात! नाल्यात जाऊन अडकेल," वहिनी दारातून म्हणाली. "आणि तू आधी साबणाने हात धू. वही फाडलीस त्याचं नंतर बघते."

दोस्तांनो, गंमत अशी की आम्ही दोघंही बरोबर होतो. पण या प्रश्नाला एक तिसरं उत्तरही होतं. ते मला दोन दिवस नकाशा पुढ्यात घेऊन बसल्यावर सापडलं. ते ऐकल्यावर पुतणीने तोंडाशी नेलेला पाण्याचा पेला खाली ठेवला! ते उत्तर सांगतोच, पण आधी होडीच्या मागोमाग जाऊ या.

मोती नाही तो मोती नाला

धुळं हे गल्ली नंबरांचं गाव. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने इथली नवी पेठ आखली. त्यामुळे जुन्या गावातले रस्तेही कसे सरळ रेषेत आहेत. रस्ते सरळ, म्हणून गटारंही सरळ. गल्लीचं गटार मोठ्या रस्त्याच्या गटाराला मिळतं, ते नाल्याला मिळतं आणि नाला पांझरा नदीला. मोती नाला, सुशी नाला ही त्यांतली काही नावं. नाव मोती, पण आत काय दिसतं ते धुळेकरांना विचारा!

आता एक प्रश्न. गटारातून नदीपर्यंत जाताना हे पाणी मध्ये कुठं स्वच्छ होतं? पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं, की "असेल कुठंतरी कारखाना." तर नाही बरं का! पावसाचं पाणी रस्त्यावरून जसं वाहतं, तसंच्या तसं नदीत जाऊन पडतं. मध्ये गाळणी नाही, टाकी नाही, औषध नाही. जगातल्या बहुतेक शहरांत हे असंच आहे.

हे पाणी किती असतं? चला, गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी जमतं. हे लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. समजा तुमची गल्ली ९ मीटर रुंद आणि २०० मीटर लांब आहे. म्हणजे १,८०० चौरस मीटर. त्यावर १० मिलिमीटरची एकच चांगली सर आली, तर १८,००० लिटर पाणी! दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं, तर जवळजवळ दोन टँकर. मे महिन्यात ज्या टँकरमागे आपण हंडे घेऊन धावतो, तसे दोन टँकर एका गल्लीतून अर्ध्या तासात वाहून गेले. ही नुसती रस्त्याची गोष्ट झाली. घरांची छपरं अजून मोजलीच नाहीत.

आणि हे पाणी रिकाम्या हाताने जात नाही.

आपल्याकडे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत फारसा पाऊस नसतो. या सात-आठ महिन्यांत रस्त्यावर काय काय साठतं, आठवून बघा. गाड्यांचं गळलेलं तेल, झिजलेल्या टायरांची काळी भुकटी, गाई-म्हशींचं शेण, बाजारातला सडका भाजीपाला, बांधकामाची रेती आणि सिमेंट, चहाचे प्लास्टिकचे कप, आणि माणसांनी जिथं-तिथं टाकलेल्या पिचकाऱ्या. हे सगळं तिथंच वाळत पडलेलं असतं. पहिला पाऊस म्हणजे या सगळ्यावर फिरवलेलं ओलं फडकं. म्हणून वर्षातलं सगळ्यांत घाण पाणी गटारातून कधी जातं, तर पहिल्या एक-दोन पावसांत. गच्चीवरचं पाणी टाकीत साठवणाऱ्या घरांत हे ठाऊक असतं. ती माणसं पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेत नाहीत, बाहेर सोडून देतात. मग गच्ची धुतली गेली, की टाकीची तोटी उघडतात.

गावाला अशी तोटी नसते. गावाचं पहिलं पाणी नदीतच जातं.

नकाशावर बोट ठेवा

आता घरात खानदेशचा नकाशा असेल तर काढा. पांझरा साक्रीकडून येते, धुळ्यातून पूर्वेकडे वाहते, मग उत्तरेला वळते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. तिथं कपिलेश्वराचं देऊळ आहे. आपली होडी पुठ्ठ्याची नि फार दणकट असती, तर इथं ती तापीत शिरली असती. तापी पश्चिमेला वाहते. मुडावदच्या खाली तिच्यावर सुलवाडे बॅरेज आहे. बॅरेज म्हणजे दारं असलेला मोठा बंधारा. तिथं नदीचं पाणी अडवून ठेवलेलं असतं.

आणि या बॅरेजमधल्या पाण्याचं काय करतात? त्यातलं काही उचलून, शुद्ध करून, लांब नळाने एका शहराला पाठवतात.

कोणत्या? धुळ्याला! या योजनेचं नावच आहे 'तापी योजना'.

म्हणजे आमच्या गल्लीतून गेलेलं पाणी पांझरेतून तापीत गेलं आणि त्यातलं थोडंफार तापी योजनेच्या नळातून फिरून आमच्याच माठात आलं. हेच ते तिसरं उत्तर. होडी घरीच परत आली!

धुळ्याला नकाणे तलाव, डेडरगाव तलाव यांचंही पाणी मिळतं, पण गावाची तहान तापीही भागवते. आणि जळगावच्या मित्रांनो, तुम्ही हसू नका. तुमच्याही नाल्यांचं पाणी शेवटी गिरणा आणि तापीकडेच उतरतं. गिरणा रामेश्वरजवळ तापीला मिळते. ही जागा मुडावदच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे जळगावच्या रस्त्यावरचं पाणी धुळ्याच्या माठात येतं ते येतंच. बऱ्हाणपूरचं पाणी भुसावळला, भुसावळ-जळगावचं अमळनेर, शिरपूर आणि धुळ्याला. पुढे सारंगखेडा, प्रकाशा ओलांडून तापी गुजरातेत उकाईच्या धरणात जाते. हे धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. तिथून सुरतेला. ते सगळं सुरतकरांच्या वाट्याला! खानदेशात असं घर क्वचित, ज्यांचा मामा, काका किंवा शेजारी सुरतेत उधना-लिंबायतला राहत नाही. आपण गटारात जे टाकतो, ते मामाच्या गावाला पाठवतो.

जळगावला हल्ली पिण्याचं पाणी वाघूर धरणातून येतं. ही वाघूर कुठून येते माहीत आहे? अजिंठ्याची लेणी ज्या घोड्याच्या नालेसारख्या दरीत कोरली आहेत, त्या दरीतून. लेण्यांच्या पायथ्याशी जी नदी दिसते ना, तीच पुढे जळगावकरांच्या नळात येते. तिथं सहलीला गेलेल्या एखाद्या जळगावच्या मुलाने वेफरची पिशवी दरीत भिरकावली, तर ती त्याने आपल्याच पाण्याच्या वाटेवर टाकली.

"पण पाणी शुद्ध करतात ना?" पुतणीने विचारलं. करतात. तुरटी टाकून गाळ खाली बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन घालून जंतू मारतात. या गोष्टी उत्तम काम करतात. पण तुरटीने आणि क्लोरीनने सगळं जात नाही. पाण्यात विरघळलेली रसायनं, रंगातले काही धातू, तेलाचा अंश यांच्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. आणि पाणी जितकं गढूळ नि घाण येईल, तितकी तुरटी जास्त, क्लोरीन जास्त, खर्च जास्त.

गटाराचं पाणी परत यायची दुसरी, फार जवळची वाटही आहे. तीच जास्त धोक्याची. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कुठं दोन दिवसांआड, कुठं चार. धुळ्यात तर आठवडाही जातो. मधल्या दिवसांत नळाची पाइपलाइन रिकामी असते. पुष्कळ ठिकाणी हे पाइप गटाराच्या कडेने, कधी चक्क गटारातूनच गेलेले असतात. पाइपला बारीकशी चीर असली, तर भरलेल्या पाइपमधून पाणी बाहेर येतं. पण पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि गटाराचं पाणी आत शिरतं. मग पुढच्या वेळी नळ सोडल्यावर पहिल्या दोन-चार बादल्या पिवळट आणि वास येणाऱ्या. कावीळ, टायफॉइड, हगवण यांच्या साथी पावसाळ्यातच का येतात, याचं एक मोठं कारण हे आहे. म्हणून आईबाबांनो, पावसाळ्यात पिण्याचं पाणी उकळून घ्या. आणि वासाचं पाणी आलं, तर ते गुपचूप ओतून देऊ नका, तक्रार करा. तुमच्या घरात आलं म्हणजे गल्लीत आलंच असणार.

सुरतेची गोष्ट

सुरतेचं नाव निघालं, म्हणून सांगतो. आता ज्यांची मुलं शाळेत आहेत, त्या आईबाबांना आपल्या लहानपणची ही गोष्ट आठवत असेल. १९९४ चा सप्टेंबर महिना. सुरतेत त्या वर्षी जोरदार पाऊस झाला, तापीला पूर आला. सखल वस्त्यांत पाणी शिरलं. गटारं आधीच कचऱ्याने तुंबलेली, त्यामुळे ते पाणी ओसरेना. कचरा, मेलेली जनावरं, चिखल सगळं वस्तीतच कुजत राहिलं. आणि काही दिवसांत बातमी आली: सुरतेत प्लेग!

पन्नासहून अधिक माणसं दगावली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने सुरत सोडून निघाले. खानदेशातली कितीतरी कुटुंबं भुसावळच्या गाडीत बसून गावी परतली. प्लेग नेमका कुठून आला, यावर पुढे शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले. पण तुंबलेल्या गटारांनी नि कचऱ्याने गावाचे हाल केले, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. १९९५ मध्ये एस. आर. राव हे सुरतेचे आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीबाहेर काढलं. थंडगार खोलीतून उठा आणि रोजच्या कामाला रस्त्यावर या! 'एसी टू डीसी' असं त्याचं गमतीदार नाव पडलं होतं. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला दंड बसू लागला, मग तो हातगाडीवाला असो की मोठा हॉटेलवाला. दोन वर्षांच्या आत सुरतेचं नाव देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. नदी तीच, पाऊस तोच, माणसं तीच.

गटाराला डोकं हवं

धुळ्याच्या पाण्याशी एका फार मोठ्या इंजिनियरचं नातं आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या! पुण्यात शिकून १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांना खानदेशात पाठवलं गेलं. तेव्हा ते पंचविशीही न ओलांडलेले तरुण होते. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचं, हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. तेही पावसाळ्यात! पुढे १९०८ साली हैदराबादेत मुसी नदीला भयंकर पूर आला, तेव्हा पुरापासून शहर वाचवायचं आणि गटारांची व्यवस्था लावायची, यासाठी त्यांनाच बोलावणं गेलं. पूर आणि गटारं या दोन गोष्टींचा विचार एकत्र करायला हवा, हे त्या काळच्या माणसांनाही कळलं होतं.

धुळ्यानेही पूर पाहिले आहेत. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेने गावातली शेकडो घरं वाहून नेली. ऑगस्ट २०१९ मध्येही ती अशीच दोन्ही काठ भरून वाहिली. पण पूर सगळ्यांना दिसतो. पुराबरोबर वाहत आलेली घाण पाणी ओसरल्यावर आपण विसरतो.

मग शहराने करायचं काय?

पहिली गोष्ट, दोन पाण्यांना दोन वाटा द्यायच्या. घरातलं संडास-मोरीचं पाणी झाकलेल्या भुयारी गटारातून शुद्धीकरण केंद्रात न्यायचं आणि पावसाचं पाणी वेगळ्या गटारातून नदीत. आपल्या जुन्या गावांत दोन्ही पाणी एकाच उघड्या गटारात येतं, तिथंच सगळा घोळ आहे. २०१५ साली केंद्र सरकारने 'अमृत' नावाची योजना सुरू केली. तिच्या पाचशे शहरांच्या यादीत धुळे, जळगाव आणि भुसावळही होती. धुळ्यात देवपूर भागात भुयारी गटाराचं काम सुरू झालं, तेव्हा रस्ते खोदून पडले होते आणि देवपूरकर भलतेच वैतागले होते. ते साहजिकच आहे. पण मला विचाराल, तर जमिनीखालचं हे काम वरच्या दिव्यांच्या कमानींपेक्षा दहापट मोलाचं आहे. फक्त ते दिसत नाही, म्हणून त्याचं उद्घाटन करायला मजा येत नाही!

दुसरी गोष्ट, पावसाआधी नालेसफाई. ती दरवर्षी होते. जेसीबी येतं, काळाकुट्ट गाळ वर काढतं आणि कुठं ठेवतं? नाल्याच्याच काठावर! गाळ वाळून हलका व्हायला दोन-चार दिवस लागतात, हे खरं. पण ते दोन-चार दिवस पंधरा दिवस झाले आणि मधेच वळवाचा पाऊस आला, की सगळा गाळ परत आत. हा देखावा तुम्हीही पाहिला असेल. गाळ काढला किती, हे विचारण्यापेक्षा उचलला किती, हे विचारायला हवं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत साधी, स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत गुणकारी. रस्ते झाडणं. मघाशी म्हटलं ना, की सगळ्यांत घाण पाणी पहिल्या पावसाचं? मग पहिल्या पावसाच्या आधीच, रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास, बाजारपेठा, बसस्थानकं, गॅरेजांचे रस्ते खरवडून झाडून घेतले, तर नदीत जायची बरीच घाण ट्रॉलीत भरून जाईल. पाण्यात मिसळलेली घाण वेगळी काढायला लाखोंची यंत्रं लागतात. कोरडी असताना तिला झाडू पुरतो. सकाळी सहाला तुमच्या गल्लीत झाडणाऱ्या मावशी खरं म्हणजे नदीच झाडत असतात.

यानंतर येतात गाळाचे खड्डे. गटार नाल्याला मिळतं, तिथं एक चौकोनी खोल खड्डा बांधतात. पाणी एका बाजूने आत पडतं आणि दुसऱ्या बाजूच्या, तळापासून बऱ्याच उंचीवरच्या पाइपने बाहेर जातं. चहाच्या कपात चोथा तळाशी बसतो, तशी रेती नि गाळ खड्ड्यात बसतो. बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड खाली वाकवलं, तर आणखी गंमत होते. पाइप पाणी पृष्ठभागाच्या खालून घेतो, त्यामुळे वर तरंगणारं तेल, पानं, पिशव्या मागेच राहतात. आहे की नाही युक्ती? गॅरेज आणि गाड्या धुण्याच्या जागी असे खड्डे असलेच पाहिजेत. पण एक अट आहे. खड्डा वेळच्या वेळी उपसायला हवा. न उपसलेला खड्डा म्हणजे डासांचं बोर्डिंगच!

आणि पिशव्या. प्लास्टिकची पातळ पिशवी गटाराच्या जाळीला चिकटली, की जाळी म्हणजे भिंत. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जळगावला किंवा धुळ्याला अख्ख्या वर्षातही साधारण इतका पडत नाही! एवढ्या पावसापुढे कुठलंही गटार पुरं पडणार नव्हतं, पण पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांनी हाल आणखी वाढवले. बांगलादेशात तर पुरात गटारं तुंबण्याचा त्रास इतका झाला, की २००२ मध्ये त्या देशाने पातळ पिशव्यांवर बंदीच घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. महाराष्ट्रात अशी मोठी बंदी मार्च २०१८ मध्ये आली. बंदी आली, पिशव्या मात्र अजून गेल्या नाहीत. भाजीबाजारात चक्कर मारली की दिसतंच.

शेवटची गोष्ट पाणी मुरवण्याची. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथं नाले रुंद आणि खोल करून, त्यांवर बंधारे घालून पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं. आटलेल्या विहिरींना पाणी आलं, आणि 'शिरपूर पॅटर्न' बघायला लांबून माणसं येऊ लागली. मग शहरातल्या नाल्यांतही तसंच का करू नये? करता येईल, पण आधी नाला स्वच्छ हवा. शेतातून आलेलं पाणी मुरवलं तर विहिरीत पाणी येतं. गॅरेजमधून आलेलं मुरवलं तर विहिरीत गॅरेज येतं. जळगावच्या मेहरूण तलावाचंही तसंच. आसपासचं वाहून येणारं पाणी जसं, तसा तलाव.

जुन्या खानदेशातल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नसे. पांझरेवर आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वीचे बंधारे आहेत. त्यांच्या पाटावर गावं मिळून शेती करत. तिला फड पद्धत म्हणतात. पाण्याची वाटणी बघायला पाटकरी असे आणि पाट सगळ्यांनी मिळून साफ ठेवायचा. तिथं वरच्या शेतकऱ्याला खालचा शेतकरी डोळ्यांसमोर दिसे. पाटात कचरा टाकला, तर संध्याकाळी पारावर त्याची गाठ पडणारच! शहराची अडचण ही, की आपल्याला खालचा माणूस दिसत नाही.

ज्यांना दिसला, त्यांनी काय केलं ते बघा. सिंगापूर हा चिमुकला देश. पाऊस भरपूर, पण पाणी साठवायला जागा नाही. म्हणून त्यांनी ठरवलं, की शहरातल्या रस्त्यांवरचं नि छपरांवरचं पाणीच तलावात साठवून प्यायचं. १९७७ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी घाणेरडी झालेली सिंगापूर नदी दहा वर्षांत स्वच्छ करायचं लक्ष्य दिलं आणि १९८७ पर्यंत ती झालीही. २००८ साली नदीच्या मुखाशी मरीना बॅरेज बांधून, भर शहरातच गोड्या पाण्याचा तलाव तयार केला. आज त्या देशाच्या दोन तृतीयांश जमिनीवरचं पावसाचं पाणी गोळा करतात, शुद्ध करतात आणि पितात. गटारातलं पाणी आपल्याच पेल्यात येणार, हे तिथं सगळ्यांना माहीत आहे. खरं तर, तापी योजनेच्या धुळ्यालाही ते माहीत असायला हवं!

करून बघा

काचेच्या तीन सारख्या स्वच्छ बाटल्या घ्या. पहिल्या पावसाच्या सुरुवातीच्या दहा मिनिटांत पत्र्याच्या किंवा गच्चीच्या पन्हाळीतून पडणारं पाणी पहिल्या बाटलीत भरा. अर्ध्या तासाने दुसरी भरा. आठवडाभर पाऊस झाल्यावर तिसरी. बाटल्यांवर तारीख-वेळ लिहून चिठ्ठ्या लावा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी किती गाळ बसला, तो पट्टीने मोजून वहीत लिहा. हे पाणी प्यायचं नाही. गटारात हात घालायचा नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालायचंही नाही, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार तसाच होतो. आणि वाहत्या नाल्याच्या जवळ तर मुळीच जायचं नाही, मग होडी कितीही छान असो.

आमच्या खिडकीत या तीन बाटल्या दिवाळीपर्यंत होत्या. पहिलीच्या तळाशी काळपट थर, तिसरी जवळजवळ पाण्यासारखी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पुतणी त्या दाखवायची. मग कुठंतरी तिने वाचलं, की परदेशात गटाराच्या तोंडाशी माशाचं चित्र काढतात, म्हणजे इथून पुढे नदी आहे हे लोकांना कळतं. झालं! सुट्टीत चार मैत्रिणी, पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा आणि गटारावरची फरशी.

"मासा कसला काढलाय?" समोरच्या आजोबांनी ओट्यावरून विचारलं.

"असाच. मासा."

"असाच कसा? पांझरेतला काढ ना. आमच्या लहानपणी वाम मिळायची. सापासारखी लांब!"

मग आधीचा मासा पुसून वाम काढायची ठरली. पण फरशी लहान आणि वाम लांब. म्हणून तिचं डोकं आमच्या गटारावर आहे आणि शेपूट आजोबांच्या पायरीपाशी.